दीड दिवसाचे बाबा

आमच्या इमारतीखालच्या रस्त्यावर पहाटे कोणी पळायला लागलं की समजायचं, जानेवारी जवळ आला. एरवी लालबागला त्या वेळी दूधवाले आणि पेपरवाले सोडले तर कोणाला कसली घाई नसते. पण डिसेंबर सरता सरता एकेक जण उगवायला लागतो. पोपटी रंगाचे बूट, दंडाला बांधलेला फोन, कपाळावर पट्टी. उड्डाणपुलाच्या कडेकडेने हे लोक एका लयीत जात असतात आणि परत येताना त्यांचे चेहरे लाल आणि समाधानी असतात. मी गॅलरीत शाल गुंडाळून, चहाचा कप घेऊन उभी असते. मुंबईची थंडी ती केवढी, एका शालीत मावणारी. तेवढ्यातही माझ्या पोटात दुखायला लागतं.

हे दुखणं मी आता कोणापासून लपवत नाही. हेवा म्हटलं तर त्यात समोरच्याचं थोडं कौतुक येतं, ते मला करायचं नसतं. मत्सर म्हटलं की कीर्तनाला बसल्यासारखं वाटतं. माझ्यापुरता नेमका शब्द जळफळाट. आणि तो ह्या पोपटी बुटांच्या लोकांबद्दल नाहीच. ते बिचारे कुठल्या तरी टॉवरमधले, मला त्यांचं नावही माहीत नाही. तो माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीबद्दल आहे. हे बूट दिसले की मीना येणार, एवढाच त्यांचा गुन्हा.

मीना लग्न करून नागपूरला गेली आणि तिथलीच झाली. चाळिशीनंतर डॉक्टरांनी चालायला सांगितलं, ती चालता चालता पळायला लागली. आधी तलावाभोवती, मग पहाटेच्या ग्रुपबरोबर, आणि मग दर जानेवारीत मुंबईच्या हाफ मॅरेथॉनला. एकवीस किलोमीटर. ती शनिवारी सकाळच्या विमानानं यायची आणि रविवारी संध्याकाळच्या विमानानं जायची. मुक्काम दीड दिवस. दीड दिवसाच्या गणपतीचं एक बरं असतं. मखरातली फुलं कोमेजायच्या आत तो निघतो, त्यामुळे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ताजाच राहतो. तो गेल्यावर घर कोण झाडतं, हा प्रश्न त्याला कोणी विचारत नाही.

त्या दीड दिवसात मीना जे खायची ते मी वर्षभरात खात नसेन. विमानतळावरून घरी येऊन पिशवी टाकली की आम्ही दोघी तिचा पळायचा नंबर आणायला जायचो. एका मैदानात तंबू ठोकलेले असत. तिथे छातीला लावायचा कागद घेतला की मीनाची दुसरी शर्यत सुरू व्हायची. आधी दादरला खरवस. मग तिथेच पुढे पियूष. तिथून टॅक्सीनं ठाकूरद्वारला थालीपीठ आणि कोथिंबीर वडी, आणि परतताना लालबागच्या गल्लीतून चिवडा बांधून घ्यायचा, पण बांधायच्या आधी दुकानातच मूठभर तोंडात टाकायचा. हे सगळं तिच्या फोनमधल्या नकाशावर टाचण्या लावून ठरलेलं असायचं.

“ताई, तुझं ऑफिस दादरला. तू रोज खरवस खात असशील ना?” तिनं पहिल्या वर्षी विचारलं होतं.

माझं दादर म्हणजे सकाळी फुलबाजारातल्या चिखलातून साडी सांभाळत जायचं आणि संध्याकाळी बाबांच्या गोळ्या, पालेभाजी आणि पाव घेऊन बसच्या रांगेत उभं राहायचं. खरवसाचं दुकान वाटेवरच आहे. त्याच्या समोरून मी इतकी वर्षं गेले, पण आत जायचं सुचलं नाही, कारण घरी बाबा एकटे. मीना मात्र आत जाऊन मालकांना नागपूरची हवा सांगून, फोटो काढून, वर थोडा जास्तीचा तुकडा मिळवून बाहेर. माझंच शहर ती मला बोट धरून दाखवायची आणि मी तिच्या मागून पिशव्या घेऊन चालायची.

“एवढं खाऊन उद्या पळशील कशी?” मी विचारायची.

“उद्या सगळं जळणारच आहे गं.”

माझंही जळायचं. त्यासाठी मला पळावं लागत नसे.

पण खरवस काय, पियूष काय, हे सोसण्यासारखं होतं. सोसवत नव्हते ते बाबा.

आमचे बाबा कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. आयुष्यभराच्या त्या खडखडाटानं त्यांचे कान मंद झाले होते. आई गेल्यावर मी आणि बाबा असे दोघंच. चाळीच्या जागी ही इमारत उभी राहिली, वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या, लिफ्ट आली, आणि बाबा हळूहळू खुर्चीत बसले ते बसलेच. “बाबा, गोळी घेतली का?” हे मला तीनतीनदा ओरडून विचारावं लागायचं आणि तरी उत्तर यायचं नाही. पण मीनाचा फोन आला की दोन्ही कान उघडायचे. नागपूरला गारठा किती, नातवाचा अभ्यास कसा, सगळं ऐकू यायचं आणि सगळ्याला उत्तरं असायची.

आणि जानेवारीत तर काय. मीना शनिवारी यायची म्हणून न्हावी शुक्रवारीच घरी बोलावला जायचा, कारण शनिवारी बाबा दाढी करत नसत. इस्त्रीचा शर्ट बाहेर निघायचा. एकदा शुक्रवारी संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर बाबा पॅसेजमध्ये भिंतीला हात न लावता चालायचा सराव करत होते. मला पाहून थांबले आणि पाण्याची टाकी भरली का ते बघायला आल्यासारखं केलं. मला हसू आलं नाही. माझ्यासाठी त्यांनी कधी पॅसेजमध्ये चालून बघितलं नव्हतं.

ज्या जानेवारीबद्दल मला लिहायचंय तो त्यांचा शेवटचा. त्याआधीच्या पावसाळ्यापासून बाबा उतरणीला लागले होते. न्हाणीघरात दोनदा पडले. गॅस चालू ठेवून झोपले. रात्रीची चादर सकाळी बदलायची हे आमच्या घरात रोजचं झालं होतं आणि त्याबद्दल आम्ही दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलत नव्हतो. मी ऑफिसात बसून घरचा विचार करायची आणि घरी आल्यावर ऑफिसचं काम. माझ्यानं एकटीनं हे होत नव्हतं. दिवसभराची बाई ठेवायची तर बाबा तयार नाहीत. मीनानं उन्हाळ्यात दोन महिने नागपूरला न्यावं, किंवा निदान बाबांशी बोलावं, एवढंच मला हवं होतं. मी फोनवर सांगून पाहिलं. पण मीनाला वाटायचं मी चढवून सांगते. तिचंही चुकत नव्हतं, तिच्याशी बोलणारे बाबा खणखणीत होते. म्हणून मी ठरवलं होतं, ह्या खेपेला तिला बोलून काही सांगायचं नाही. तिच्या डोळ्यांनी तिला दिसू दे. दीड दिवसात कधीतरी दिसेलच.

शुक्रवारी मीनाचा फोन आला. मुलाची शाळेतली सराव परीक्षा सोमवारपासून, म्हणून तिनं रविवारचं विमान अलीकडे घेतलं होतं. पळून झालं की घरी न येता परस्पर विमानतळ. म्हणजे रविवारचं दुपारचं जेवण रद्द. दर वर्षी ते जेवण ठरलेलं असे: तिसऱ्यांची एकशिपी, तळलेले बोंबील, सोलकढी. एकशिपी म्हणजे तिसरीचं एक शिंपलं काढून टाकायचं आणि दुसऱ्याला मांस तसंच चिकटलेलं ठेवून वाटणात शिजवायचं. आई करायची, तिच्यानंतर मी. मी फोन ठेवून बाबांना ओरडून सांगितलं की ह्या वर्षी एकशिपी नाही.

बाबा म्हणाले, “उद्याच कर.”

मला वाटलं, त्यांना वाराचा विसर पडला. “बाबा, उद्या शनिवार.”

“शनवार माझो. तिचो नाय.”

“आणि मारुतीला काय सांगणार?”

“त्येका मी सांगतंय.”

ज्यांनी आमच्या घरातला शनिवार पाहिला नाही त्यांना ह्यातलं काही कळायचं नाही. शनिवारी आमच्या घरात मासा नाही, अंडं नाही, मासळीची पाटी दारावरून गेली तर दार लोटून घ्यायचं. सकाळी कोपऱ्यावरच्या मारुतीला तेल आणि रुईच्या पानांची माळ. गिरणी चालू होती तेव्हाही आणि बंद पडली तेव्हाही. माझा वाढदिवस शनिवारी आला तर तो रविवारी व्हायचा. कावीळ उतरल्यावर मला पहिल्यांदा भूक लागली आणि मी बोंबलाचं सार मागितलं तो दिवस नेमका शनिवार. आई बाबांच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मला दुसऱ्या दिवशी सार मिळालं. आणि मला बघायला मंडळी आली तीही शनिवारी. मालवणची माणसं, माशांवर वाढलेली, त्यांच्या पानात आम्ही वांग्याची भाजी वाढली. त्यांचा नकार वांग्यामुळे आला असं मी म्हणणार नाही. पण होकार आला नाही हे खरं.

मी शनिवार मनापासून कधी पाळला नाही, शनिवारच माझ्या मानगुटीवर बसलेला होता. आणि तो शनिवार बाबांनी असा, पेपरची घडी करावी इतक्या सहज बाजूला ठेवला.

“माझ्यासाठी कधी नाही मोडलात,” मी म्हणाले. हळूच म्हणाले, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. पण नेमकं तेवढं त्यांना ऐकू गेलं.

“ती जातली,” बाबा म्हणाले. “तू आसस.”

त्या दोन शब्दांवर मी रात्रभर कुढत होते. तू आसस. तू आहेसच. भिंतीला खुंटी असते तशी.

सकाळी बाजारात गेले तर आमची नेहमीची कोळीण हातातला सुरा थांबवून माझ्याकडे बघायला लागली. “काय गं नंदा, आज शनवार ना? बाबा गावाला गेले का काय?”

“बहीण येतेय.”

“असं होय,” ती म्हणाली आणि तिसऱ्यांवर दोन मुठी जास्त घातल्या. मीनाचं हे असं. ती विमानातून उतरलेलीसुद्धा नव्हती आणि तिला वरकड मिळायला सुरुवात झाली होती.

तिसऱ्या पाण्यात ठेवून वाळू सुटायची वाट बघायची, मग विळीवर एकेक उघडायची. बोटं चिरतात, नखांत वास बसतो. मी खाली फरशीवर बसून ते करत होते तेव्हा बाबा रुईची माळ आणि काठी घेऊन देवळात निघाले. नेहमीपेक्षा उशिरा परतले. देवाशी काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. थोड्या वेळानं लिफ्टचं दार वाजलं, पाठोपाठ “बाबाऽ” अशी हाक आली, आणि माझ्या डोळ्यांदेखत ते खुर्चीतून काठी न घेता उठले.

जेवायला तिघं बसलो. बाबांच्या पानात वरण-भात, मीनाच्या पानात एकशिपीचा ढीग. शर्यतीच्या आदल्या दिवशी असलं खायचं नसतं म्हणे, तिच्या ग्रुपमध्ये सगळे साधा भात खाऊन झोपतात. ती शिंपलं उचलून चोखत होती, रस्सा मनगटावरून ओघळत होता, आणि बाबा स्वतःचा भात थंड करून तिच्याकडे बघत होते. अन्न खाणाऱ्यापेक्षा बघणाऱ्याला जास्त चव लागतेय असं मी पहिल्यांदा पाहिलं.

“ताई, तू घे ना.”

“माझा शनिवार आहे,” मी म्हटलं आणि वरणभात कालवला. मीनानं मान वर केली नाही. बाबांनी केली.

दुपारी बाबा मीनाबरोबर चिवड्याच्या गल्लीपर्यंत चालत जाऊन आले. आल्यावर भिंतीकडे तोंड करून जे झोपले ते दिवेलागणीपर्यंत. मीनाला वाटलं वामकुक्षी. मी तिला स्वयंपाकघरात गाठलं आणि शेवटी बोललेच.

“मीना, बाबांचं आता काही खरं नाही.”

“अगं काहीतरीच. आत्ता माझ्यासोबत चालत नाही का आले? रस्ता क्रॉस करताना मलाच धरून नेलं.”

“ते तुझ्यासाठी.”

“म्हणजे काय, तुझ्यासाठी वेगळे बाबा आहेत का?” ती हसली. मग माझ्या पाठीवर हात ठेवून मऊ आवाजात म्हणाली, “तू एकटी असतेस ना ताई, म्हणून तुला सगळं मोठं वाटतं.”

तिचा हात निघाल्यावर मी कढई जरा जोरात आपटली.

रविवारी ती अंधारातच टॅक्सीनं गेली. बाबा तिच्याही आधी उठले होते. आंघोळ, पांढरा शर्ट, पांढरा लेंगा, वर बिनबाह्यांचं स्वेटर. आम्ही दर वर्षी चौपाटीवर उभं राहायचो. पळणारे सी-लिंकवरून हाजीअलीकडे येतात, पेडर रोडचा चढ चढून उतरतात आणि चौपाटीला समुद्र उघडतो तिथे त्यांच्यात पुन्हा थोडा जीव येतो. टॅक्सीवाल्यानं ऑपेरा हाऊसच्या अलीकडे सोडलं, पुढे रस्ता बंद होता. रेल्वेवरच्या पुलाच्या चढावर मी हात पुढे केला. बाबांनी तो बघितला नाही, किंवा बघून न बघितल्यासारखं केलं.

चौपाटीला हीऽ गर्दी. लेझीम, ताशे, संत्र्याच्या फोडी घेऊन उभ्या असलेल्या गुजराती बायका, तिळाच्या वड्या वाटणारी कॉलेजची मुलं. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात दुखण्याच्या मलमांचा वास मिसळलेला. पळणारे येत होते, कोणी हसत, कोणी लंगडत, कोणी स्वतःशी बोलत. म्हातारी माणसंही होती त्यात, बाबांच्या वयाच्या जवळपासची. मला त्यांच्या घरच्या लोकांचाही हेवा वाटला. बाबा बॅरिकेडच्या पट्टीला दोन्ही हात धरून उभे होते आणि दर थोड्या वेळानं विचारत होते, “इली काय गो?”

“नाही अजून. बसता का? मागे कट्टा आहे.”

“नको.”

“मागे शौचालय आहे. जाऊन येऊ या?”

“नको म्हटलंय ना.”

आणि मग मीना आली. नारिंगी टी-शर्ट, केस घामानं चिकटलेले, तोंडभर हसू. तिनं लांबूनच बाबांना पाहिलं आणि रांग सोडून कडेला आली. बाबांनी पट्टीवरचे हात काढले. हे मी नीट पाहिलं. हात काढले आणि पाठ सरळ केली आणि साच्यासमोर उभे राहत असतील तसे उभे राहिले. खिशातून कागदात बांधलेला गुळाचा खडा काढून तिच्या तोंडात घातला.

“पळ गो चेडवा,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज लेझमीच्या वर गेला. “थांबा नको. पळ.”

आजूबाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या पळणाऱ्यांसाठी नव्हत्या, बाबांसाठी होत्या. मीनानं फोन काढून झटकन दोघांचा फोटो घेतला. फोटोच्या कडेला माझी अर्धी शाल आली आहे. मग ती निघाली आणि मरिन ड्राइव्हच्या वळणाकडे तिचा नारिंगी ठिपका दिसेनासा होईपर्यंत बाबा तसेच उभे राहिले, हात वर करून.

ठिपका गेला. हात खाली आला.

“नंदा, माका धर.”

मी धरलं तेव्हा कळलं की त्यांच्या पायांत काही उरलंच नव्हतं. सगळं अंग माझ्या खांद्यावर आलं. एवढा वाळलेला माणूस इतका जड असेल असं मला वाटलं नव्हतं. मी त्यांना कसंबसं मागे ओढलं, पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यांआड कट्ट्यावर बसवलं, आणि खाली बघितलं. पांढरा लेंगा गुडघ्यापर्यंत ओला झाला होता.

“मघापासना लागलली,” ते म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते. “पण ती इली आणि मी नसलंय तर?”

मी शाल काढून त्यांच्या कमरेभोवती गुंडाळली. ताशे जोरात वाजत होते, संत्र्यांच्या साली पायाखाली येत होत्या, कोणाचंही आमच्याकडे लक्ष नव्हतं. बाबांनी माझं मनगट पकडलं होतं. मी लहान असताना यात्रेत ते माझं धरायचे तितकं घट्ट.

“मीनाक सांगा नको.”

“नाही सांगत.”

“शप्पत?”

“शप्पत.”

आम्ही तसेच बसून राहिलो. खोक्यांपलीकडे पळणारे येत होते, जात होते. कितीतरी वेळानं फोन वाजला. मीना होती. शर्यत संपली होती, तिला धाप लागली होती आणि मागून भोंग्यांचा आवाज येत होता.

“ताई, बाबांना बघितलंस? कसले फिट आहेत. माझ्या ग्रुपमध्ये फोटो टाकलाय, सगळे वेडे झालेत. आणि तू उगाच घाबरवतेस मला.”

वर्षभर मला जे हवं होतं ते सगळं त्या क्षणी माझ्या हाताशी होतं. मीना फार लांब नव्हती. “इकडे ये, आत्ताच्या आत्ता,” एवढं म्हटलं असतं तर विमानाआधी ती येऊन तिच्या डोळ्यांनी बघून गेली असती. मग मला काही चढवून सांगावं लागलं नसतं. नागपूरचे दोन महिने, दिवसभराची बाई, सगळं तिथल्या तिथे ठरलं असतं. बाबांना फोनवरचं ऐकू येत नव्हतं. ते माझ्या ओठांकडे बघत होते.

“हो,” मी म्हणाले. “ठणठणीत आहेत.”

पुढे श्रावणात बाबा दुपारच्या झोपेतच गेले. मीना आली तेव्हा सगळं आवरलेलं होतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती फोनमधला तो फोटो दाखवायची आणि म्हणायची, जानेवारीत तर बघा कसे होते. लोक बघायचे, माना हलवायचे, भाग्यवान हो म्हातारा म्हणायचे. मी चहाचे कप उचलत असायची.

चौपाटीवर गप्प बसले ते बाबांना दिलेल्या शब्दासाठी, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. चांगली मुलगी होते मी त्यात. पण शब्द बाबांना दिला होता, आणि बाबा गेल्यावर तो संपतो. मीनाला सांगायला त्यानंतर अडवणारं कोणी नव्हतं. दिवस होते, फोन होते, दिवाळीत ती चार दिवस राहायला होती. बाबांच्या खुर्चीत बसून तिनं त्यांच्या आठवणी काढल्या, आणि त्या सगळ्या उभ्या बाबांच्या होत्या. मी ऐकत राहिले. माझ्याजवळच्या आठवणी ओल्या चादरींच्या होत्या, न्हाणीघराच्या दाराला बाहेरून कान लावण्याच्या होत्या. त्यातली एकही मी बाहेर काढली नाही.

काल तिचा फोन आला. ह्या वर्षी पुन्हा नाव नोंदवलंय, शनिवारी सकाळी पोहोचते. नकाशावर दोन नव्या टाचण्या लावल्या आहेत, एक परळला, एक गिरगावात. एकशिपी रविवारीच करू, म्हणाली, शनिवार आपण पाळू. मी बरं म्हटलं. मग ती घुटमळली. एरवी ती बोलता बोलता फोन ठेवते.

“ताई, एक विचारू? शेवटी शेवटी बाबा खरंच कसे होते गं? मला वाटतं तू मला काहीतरी सांगत नाहीस.”

“तू पाहिलेस तसेच होते.”

“मी काय पाहिलं? दीड दिवस. दर वर्षी दीड दिवस आणि चौपाटीवर दोन मिनिटं.” ती नाक ओढत होती. “तू रोज होतीस त्यांच्याजवळ. त्यांनी तुला सगळं दिलं असेल. मला तुझा हेवा वाटतो, ताई. खरंच सांगते, जळते मी तुझ्यावर.”

खाली रस्त्यावर एक पोपटी बूटवाला पुलाच्या कडेनं चालला होता. मला वाटलं, आता सांगून टाकावं. ती धाकटी आहे, रडते आहे, तिचेही ते बाबाच होते. खोक्यांआडची ती थोडी मिनिटं तिला दिली तर माझं काय कमी होणार होतं? मी तोंड उघडलं, आणि “माका धर” असं म्हणून अंगावर आलेला तो सगळा भार मला खांद्यावर जसाच्या तसा जाणवला. तसं त्यांनी मीनाला आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं.

“वाटू दे,” मी म्हणाले.